फिनॉल हाताळताना: लॅबमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

सल्फ्युरिक आम्लाचा थेंब हातावर पडला तर कुणी सांगावं लागत नाही. चटका बसतो, माणूस ओरडतो आणि नळाकडे धावतो. फिनॉल पडलं तर सुरुवातीला फारसं काहीच होत नाही. ते जिथे लागतं तिथल्या मज्जातंतूंची टोकं बधिर करतं, त्यामुळे भाजत असूनही कळत नाही. त्वचेवर पांढुरका डाग उमटेपर्यंत बरंचसं फिनॉल आत गेलेलं असतं आणि रक्तात मिसळायला लागलेलं असतं. म्हणून फिनॉलच्या बाबतीत "काही झालं तर बघू" चालत नाही. हात धुण्याची, ग्लोव्हज बदलण्याची, बाटली झाकण्याची वेळ दुखण्यावरून नाही, आधी ठरवलेल्या सवयीवरून ठरवायची. पुढच्या सगळ्या सूचना याच एका गोष्टीतून आल्या आहेत.

हे आहे काय

शुद्ध फिनॉल म्हणजे रंगहीन स्फटिक, गोडसर डांबरी वासाचे. वितळणबिंदू 40.5 अंश सेल्सिअस, उत्कलनबिंदू साधारण 182. हवा आणि प्रकाश लागला की स्फटिक हळूहळू गुलाबी, मग तांबूस होत जातात. 40.5 हा आकडा लक्षात ठेवाच. पुण्यात बाटलीत दगडासारखं घट्ट बसलेलं फिनॉल मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरच्या एखाद्या गरम स्टोअररूममध्ये आपोआप पातळ झालेलं असू शकतं. त्यातून ते ओलावा शोषतं, आणि ओलावा मिसळला की आणखी कमी तापमानाला वितळतं. आतलं घट्टच असेल असं गृहीत धरून बाटली आडवी करायची नाही.

पाण्यात ते अर्धवट विरघळतं, खोलीच्या तापमानाला 100 मिली पाण्यात जेमतेम 8 ग्रॅम. त्याहून जास्त टाकलं तर दोन थर होतात. सुमारे 66 अंशांच्या वर मात्र पाणी आणि फिनॉल कुठल्याही प्रमाणात एकजीव होतात. बीएस्सीला फिजिकल केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलमध्ये गढूळपणा कधी जातो आणि कधी येतो याची तापमानं टिपली असतील, तर ती हीच गोष्ट. आम्ल म्हणून फिनॉल अगदी दुबळं, पीकेए (आम्लाच्या जोराचं माप, आकडा मोठा तितकं आम्ल दुबळं) जवळपास 10. पण दुबळं आम्ल म्हणजे सौम्य पदार्थ नव्हे. फिनॉल भाजतं ते आम्लपणामुळे कमी आणि प्रथिनं गोठवत आत शिरण्याच्या गुणामुळे जास्त. बेकिंग सोड्याने ते "न्यूट्रल" करायला जाऊ नका, उपयोग होत नाही.

याच प्रथिनं गोठवण्याच्या गुणामुळे ते एकेकाळी औषध होतं. रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1834 मध्ये कोळशाच्या डांबरातून ते वेगळं केलं. 1865 मध्ये ग्लासगोत जोसेफ लिस्टरने जखमेत जंतू वाढू नयेत म्हणून कार्बोलिक आम्ल, म्हणजे फिनॉलच, वापरायला सुरुवात केली. शस्त्रक्रियेतले मृत्यू कमी झाले, पण त्या द्रावणांनी डॉक्टर-परिचारिकांचे हात सोलून निघत. ऑपरेशनच्या वेळी हवेत कार्बोलिकचा फवारा मारण्याची पद्धतही लिस्टरने पुढे स्वतःच सोडून दिली. त्या काळी बोटाच्या जखमेवर पातळ कार्बोलिकची पट्टी बांधून ठेवल्यावर बोट काळं पडून गेल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. "पाच टक्केच तर आहे" असं कुणी म्हणालं की त्या पट्ट्या आठवाव्यात.

कामाच्या आदल्या दिवशी

सेफ्टी डेटा शीट, म्हणजे रसायनाचे धोके आणि उपाय सांगणारं पत्रक, काढून वाचा. नाव टाकून शोधण्यापेक्षा कॅस क्रमांकाने, म्हणजे प्रत्येक रसायनाला दिलेल्या ओळख क्रमांकाने शोधा: 108-95-2. फिनॉलच्या नावाशी मिळतीजुळती डझनभर संयुगं आहेत, क्रमांकाने गोंधळ होत नाही. शीटवर कवटी, हात-धातू खाणारं द्रव आणि छातीवर चांदणी असलेला माणूस अशी चिन्हं दिसतील. गिळलं, अंगाला लागलं किंवा वाफ नाकात गेली तर विषारी, गंभीर भाजणारं, आणि जनुकीय दोषाचा संशय असलेलं, असा त्यांचा अर्थ. लॅबमध्ये कुणी गरोदर असेल तर तिने हे काम स्वतः न करता गाइडशी बोलून दुसऱ्याकडे द्यावं. संकोचाचं कारण नाही, आणि गाइडनेही का म्हणून विचारत बसू नये.

मग एक वस्तू लॅबमध्ये आहे का ते पाहा: पॉलिएथिलीन ग्लायकॉल 300 किंवा 400. पीईजी म्हणतात ते. फिनॉल अंगावर पडलं तर पुसून काढायला हे सगळ्यात उपयोगी, कारण फिनॉल त्यात छान विरघळतं आणि त्वचेतून आत ढकललं जात नाही. अर्धा लिटरची बाटली आणि गॉझचे तुकडे फ्यूम हूडच्या (वाफा ओढून बाहेर सोडणाऱ्या पेटीच्या) शेजारी, नावाची मोठी चिठ्ठी लावून ठेवा. पीईजी 6000 किंवा 8000 हे पांढरी पावडर असतं. ते या कामाचं नाही, नाव सारखं दिसतं म्हणून फसू नका. माझं स्पष्ट मत असं की ज्या लॅबमध्ये ही बाटली नाही त्या लॅबमध्ये फिनॉलची बाटली उघडू नये. ऑर्डर द्यायला आठवडा लागला तर लागू दे.

सेफ्टी शॉवर आणि आयवॉश चालू आहेत का ते ओढून, दाबून पाहा. बऱ्याच ठिकाणी शॉवरखाली खोके रचलेले असतात. आणि एकट्याने काम करायचं नाही, रविवारी तर अजिबात नाही.

अंगावर काय घालायचं

पूर्ण बाह्यांचा अ‍ॅप्रन, बटणं लावलेला. उन्हाळ्यात अर्ध्या बाह्यांचे अ‍ॅप्रन निघतात, ते फिनॉलच्या दिवशी घरीच राहू द्या. पूर्ण पॅंट किंवा सलवार, पाय झाकणारे बूट. टिश्यू कल्चरच्या खोलीबाहेर बूट काढून स्लीपर घालायची सवय लागलेली असते, तीच स्लीपर घालून फिनॉलकडे येऊ नका. ओढणी काढून ठेवा, केस बांधा. अंगठी, घड्याळ, राखीचा दोरा सगळं काढा, कारण त्याखाली अडकलेला थेंब धुतला जात नाही. डोळ्यांना बाजूनेही झाकणारा गॉगल. नंबरचा चष्मा म्हणजे गॉगल नव्हे, तो गॉगलच्या आत.

ग्लोव्हजबद्दल जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. लॅबमध्ये मिळणारे पातळ निळे नायट्राइल ग्लोव्हज फिनॉलला कायमचे अडवत नाहीत, आणि फिनॉल-क्लोरोफॉर्मचं मिश्रण तर त्यातून काही मिनिटांत पार होतं. लॅटेक्सचे त्याहून वाईट. मिलीलिटरभराच्या कामासाठी नायट्राइलचे दोन जोड एकावर एक घाला, आणि थेंब पडलेला दिसला की तेव्हाच बाहेरचा जोड बदला. "हा सॅम्पल संपवून बदलतो" असं नाही. बाटली वितळवणं, द्रावण बनवणं, सांडलेलं पुसणं अशा मोठ्या कामाला निओप्रीन किंवा ब्युटाइल रबरचे जाड ग्लोव्हज हवेत. एक जोड सगळ्या लॅबला पुरतो. दोन ग्लोव्हज घातले की पिपेट धरायला अवघड जातं ही तक्रार खरी आहे. आदल्या दिवशी रंगीत पाणी घेऊन थोडा सराव करा, हात बसतो.

कुठे उघडायचं

फ्यूम हूडमध्ये, आणि फक्त तिथेच. नवखी मुलं फिनॉल घेऊन लॅमिनारमध्ये (गाळलेली स्वच्छ हवा सोडणाऱ्या पेटीत) बसलेली दिसतात, काचेची पेटी आहे, हवा फिरते आहे, म्हणजे सुरक्षित असं समजून. लॅमिनार तुमच्या सॅम्पलला जपण्यासाठी असतो, तुम्हाला नाही. आडव्या प्रवाहाचा असेल तर तो फिनॉलची वाफ सरळ तुमच्या तोंडावर फेकतो. बायोसेफ्टी कॅबिनेटही जंतू गाळतं, वाफा नाही. हवा बाहेर नेऊन सोडणारा हूडच लागतो, आणि तो चालू आहे की नाही हे टिश्यू पेपरची पट्टी धरून पाहता येतं. आत ओढली गेली पाहिजे.

खोलीच्या तापमानाला फिनॉलची वाफ फार होत नाही, आणि वासही लवकर येतो. कामगारांसाठी हवेत मान्य असलेली मर्यादा आठ तासांच्या सरासरीने 5 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 5 भाग) आहे, वास त्याहून कितीतरी आधी लागतो. तेव्हा वास आला म्हणून लगेच घाबरायचं नाही, पण काहीतरी उघडं राहिलंय एवढं समजायचं आणि शोधायचं. तापवलेल्या फिनॉलला मात्र हा दिलासा लागू नाही.

बाटली वितळवणं

जमत असेल तर हे कामच टाळा. डीएनए काढण्यासाठी बफरने (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाने) संपृक्त केलेलं, पीएच 8 चं फिनॉल तयार मिळतं. थोडं महाग पडतं, पण घन फिनॉलची बाटली हाताळण्याचा सगळा धोका टळतो. वाचलेले पैसे आणि जळालेली बोटं यांचा हिशेब कुणी मांडत नाही.

पर्याय नसेलच तर असं करा. फ्रीजमधली बाटली आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, थंड काच गरम पाण्यात ठेवली तर तडकते. मग झाकण किंचित सैल करून बाटली हूडमधल्या 50 ते 60 अंशांच्या वॉटर बाथमध्ये उभी ठेवा, पाण्याची पातळी बाटलीच्या खांद्याच्या खाली. बर्नर नको, मायक्रोवेव्ह तर नकोच. फिनॉलची वाफ पेट घेऊ शकते, सुमारे 79 अंशांपासून पुढे. आणि वितळण्याची वाट न पाहता स्पॅच्युलाने खडा फोडून काढायचा मोह आवरा. डोळ्यात किंवा मनगटावर कपची उडण्याची ही हमखास पद्धत आहे.

एक युक्ती सांगतो. 500 ग्रॅमची सीलबंद बाटली पूर्ण वितळली की तिच्यातच साधारण 55 मिली पाणी घालून हलक्या हाताने फिरवा. सुमारे 90 टक्क्यांचं द्रव फिनॉल तयार होतं आणि खोलीच्या तापमानाला ते पातळच राहतं. पुन्हा पुन्हा वितळवणं नको, खडे तोलणं नको. बाटलीवर नाव, टक्केवारी, तारीख आणि स्वतःची आद्याक्षरं लिहा, गडद काचेच्या बाटलीत किंवा फॉइल गुंडाळून थंड ठेवा. हे 90 टक्के फिनॉल मूळच्या घन फिनॉलपेक्षा हाताळायला सोपं असलं तरी अंगावर पडण्याच्या दृष्टीने जास्त वाईट, कारण द्रव पसरतं. गुलाबी झालेलं फिनॉल डीएनए-आरएनएच्या कामाला घेऊ नका. रंग आणणारी क्विनोनं, म्हणजे हवा लागून फिनॉलपासून बनणारी संयुगं, न्यूक्लिक आम्लाच्या (डीएनए-आरएनएच्या) साखळ्या तोडतात.

प्रत्यक्ष काम

विद्यार्थ्याची फिनॉलशी गाठ बहुधा तीन ठिकाणी पडते.

पहिलं, वर सांगितलेलं फिनॉल-पाण्याचं प्रॅक्टिकल. गरम, सांद्र फिनॉल नळीत असतं आणि मुलं तारेने ढवळत असतात. नळीचं तोंड कुणाकडे वळवू नका, आणि ढवळलेली तार टेबलावर ठेवू नका. तार कुठे ठेवायची ते आधी ठरवा, एक बीकर पुरे. टेबलावर सुकलेला फिनॉलचा पुसट डाग पुढच्या बॅचच्या कुणाच्या तरी कोपराला लागतो.

दुसरं, साखर मोजण्याची फिनॉल-सल्फ्युरिक पद्धत. फूड सायन्स, बायोकेमिस्ट्री, शेतीच्या लॅबमध्ये ही रोजची. 1 मिली नमुना, 1 मिली 5 टक्के फिनॉल, वरून 5 मिली सांद्र सल्फ्युरिक आम्ल, आणि 490 नॅनोमीटरला वाचन. आम्ल पडताच नळी चांगलीच तापते. अचूकतेसाठी आम्ल झपकन टाकावं लागतं, म्हणून पिपेट तोंडाने ओढणं तर बादच, डिस्पेन्सर वापरा आणि नळी रुंद घ्या. 100 मिली 5 टक्के द्रावणासाठी वरच्या 90 टक्के फिनॉलचे 5.6 ग्रॅम झाकणाच्या बाटलीत तोलून घ्या. तराजू हूडबाहेर असेल तर बाटली बंद करूनच ने-आण करा, आणि वरचा पंखा बंद.

तिसरं आणि सगळ्यात जास्त सवयीचं होऊन जाणारं म्हणजे डीएनए-आरएनए काढणं. फिनॉल, क्लोरोफॉर्म, आयसोअमाइल अल्कोहोल यांचं 25:24:1 मिश्रण. इथे अपघात मोठे होत नाहीत, बारीक बारीक होतात. दीड मिलीच्या ट्यूबचं झाकण पूर्ण बसलेलं नसतं, ती उलटसुलट केली की बोटावर ओल येते आणि ग्लोव्हजच्या आत काही जाणवत नाही. म्हणून ट्यूब गळ्यापर्यंत भरू नका, जास्तीत जास्त दोन तृतीयांश. झाकणावर अंगठा दाबून उलटवा. पॉलिप्रॉपिलीनच्याच ट्यूब घ्या. पॉलिस्टायरीन आणि पॉलिकार्बोनेट या मिश्रणात मऊ पडतात, चिरतात, आणि ते सेंट्रीफ्यूज फिरत असताना घडलं तर सगळा रोटर फिनॉलने माखतो. फिरवून झाल्यावर वरचा पाण्याचा थर घेताना मधल्या पांढऱ्या पापुद्र्याच्या जरा वरच थांबा. शेवटचे 20 मायक्रोलिटर वाचवायच्या नादात टीप खालच्या थरात जाते आणि फिनॉल पुढच्या सगळ्या पायऱ्यांत जातं.

वापरलेल्या टिपा टेबलावरच्या नेहमीच्या डब्यात नाहीत, हूडमधल्या झाकणाच्या डब्यात. आणि ग्लोव्हज घालून फोन, दाराची मूठ, कीबोर्ड यांना हात लावायचा नाही. हा नियम सगळ्यांना पाठ असतो आणि फोन वाजला की सगळे विसरतात. फोन बॅगेत ठेवा.

अंगावर पडलं तर

वेळ सेकंदांत मोजायची. आधी कपडा, ग्लोव्ह, बूट, जे भिजलं असेल ते काढा. लाजू नका, आणि लाजणाऱ्याला लाजू देऊ नका. कपड्याला शोषलेलं फिनॉल त्वचेला चिकटून राहतं. शरीराचा मोठा भाग भिजला असेल तर सरळ शॉवरखाली, भरपूर पाण्याच्या धारेत. इथे "भरपूर" या शब्दाला महत्त्व आहे. थोड्या पाण्याने किंवा ओल्या फडक्याने पुसलं तर फिनॉल पातळ होऊन पसरतं आणि आणखी जागेतून आत जातं. लहान जागा असेल तर पीईजीत भिजवलेल्या गॉझने पुसा, गॉझ टाका, नवा घ्या, पुन्हा पुसा. वास जाईपर्यंत आणि त्यानंतरही, किमान 15 मिनिटं. पीईजी हाताशी नसेल तर शोधत बसू नका, पाण्याची धार सुरू करा, दुसरा कुणी शोधेल. मदत करणाऱ्याने स्वतः ग्लोव्हज घातलेले असले पाहिजेत.

डोळ्यात गेलं तर फक्त पाणी, पापण्या उघड्या धरून, किमान 15 मिनिटं. पीईजी डोळ्यात घालायचं नाही. पोटात गेलं तर उलटी काढायला लावू नका, येताना ते अन्ननलिकेला पुन्हा भाजतं.

त्यानंतर दवाखाना, डाग लहान असला तरी आणि दुखत नसलं तरी. तळहाताएवढ्या किंवा त्याहून मोठ्या जागेवर सांद्र फिनॉल पडलं असेल तर 108 ला फोन पुसायला सुरुवात करतानाच करायचा. रक्तात गेलेलं फिनॉल मेंदू, हृदयाचे ठोके आणि मूत्रपिंडं बिघडवतं. भोवळ, घाम, झटके, गडद हिरवट-तपकिरी लघवी ही त्याची लक्षणं. शरीराचा मोठा भाग भिजलेली माणसं काही मिनिटांत कोसळल्याच्या आणि दगावल्याच्या नोंदी आहेत. डॉक्टरांकडे डेटा शीटची छापील प्रत घेऊन जा. आपल्याकडच्या कॅज्युअल्टीत फिनॉल रोज येत नाही, आणि "अ‍ॅसिड पडलंय" एवढंच सांगितलं तर उपचार वेगळ्या दिशेला जाऊ शकतात. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, डॉक्टर तिथून सल्ला घेऊ शकतात.

सांडलं तर, उरलं तर

थोडं सांडलं तर जाड ग्लोव्हज घालून शोषक कागद किंवा वर्मिक्युलाइट (द्रव शोषणारं हलकं खनिज) टाका, गोळा करा, जागा पीईजीने आणि मग साबणपाण्याने पुसा. बाटलीच फुटली तर सगळ्यांना बाहेर काढा, दार लावा आणि सेफ्टी पाहणाऱ्या माणसाला बोलवा. ब्लीच वापरायचं नाही, त्यातून क्लोरोफिनॉल तयार होतात. आरएनए काढायला वापरतात त्या फिनॉलच्या तयार द्रावणांत ग्वानिडीन थायोसायनेटही असतं, त्यावर ब्लीच पडलं तर सायनाइडसारखे विषारी वायू सुटतात. सांडलं की ब्लीच ओता ही सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमधली सवय इथे जीवावर बेतू शकते.

बेसिनमध्ये काहीही ओतायचं नाही. पिण्याच्या पाण्यात फिनॉलवर्गीय संयुगांची भारतीय मानकाने ठरवलेली मर्यादा लिटरला 0.001 मिलिग्रॅम आहे. म्हणजे 1 ग्रॅम फिनॉल, वीसेक थेंब, 10 लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकतं. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर शंभर टँकर. त्यात जलशुद्धीकरणातलं क्लोरीन मिसळलं की चवही औषधासारखी होते.

दोन डबे ठेवा. नुसत्या फिनॉलचा आणि त्याच्या पाण्यातल्या द्रावणांचा एक, क्लोरोफॉर्म असलेल्या मिश्रणाचा दुसरा, कारण क्लोरीनयुक्त कचरा वेगळ्या पद्धतीने जाळावा लागतो. साखरेच्या प्रयोगातलं आम्लमिश्रित द्रावण या दोन्हींत नको, त्याचा काचेचा डबा निराळा. डबे तीन चतुर्थांशच भरा. ग्लोव्हज, टिपा, गॉझ जाड पिशवीत बांधून त्याच खोलीत ठेवा, सफाई करणाऱ्या मावशींच्या हाती नेहमीच्या कचऱ्यात जाता कामा नयेत. कॉलेजने घातक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांप्रमाणे अधिकृत संस्थेशी करार केलेला असावा लागतो. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे अशा कचऱ्याची सामायिक केंद्रं आहेत. तुमच्या विभागाचे डबे कुठे जातात, शेवटचे कधी गेले आणि त्याची पावती कुठल्या फाइलला आहे, हे स्टोअरकीपरना विचारून घ्या.